अंबूबाईचं तोंड

त्या साली कुरणवाडीची तंबाखू कापून रानात आडवी पडली आणि नेमकं तेव्हाच व्यापाऱ्यांनी गावाचा रस्ता सोडला. एरवी पान अर्धं वाळलं की मोटारसायकली घेऊन हजर व्हायचे. बांधावर उभं राहायचं, पान चुरगळून नाकाला लावायचं, ‘औंदा मालात दम न्हाई’ म्हणत तोंड वाकडं करायचं, हा त्यांचा ठरलेला तमाशा. औंदा एकही फिरकला नाही. सरकार म्हणे नवा नियम करणार होतं. मिश्री सुटी विकायची नाही, डबीतच विकायची, आणि डबीवर पुढून-मागून सडलेल्या तोंडाचा रंगीत फोटो!

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. ती बोटानं दातांवर घासल्याशिवाय कुरणवाडीतल्या एकाही बाईची सकाळ सुरू होत नसे. डबीवर तसला फोटो बघून बायका मिश्री घेतील की सोडतील हे व्यापाऱ्यांना उमजेना, म्हणून गावाचा माल रानात दंव खात पडला होता.

क्रांती अकरावीला होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती दप्तर टाकून, बापाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट ड्रेसवर चढवून आईबरोबर रानात जायची. दंवानं ओल्या झालेल्या तंबाखूला हात लावला की चीक कातडीत मुरतो आणि डोकं गरगरतं. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, दुपारपर्यंत पाला ओलाच. क्रांती बांधाकडं पळाली आणि भडाभडा ओकली.

“लागली व्हय गं तंबाखू?” मागून कुणीतरी हसलं. “भाषणं ठोकून पोट भरत न्हाई म्हणावं!”

“भाषण ठोकायला तोंड लागतंय, काकी. तुझ्याकडं नुसती जीभ हाय,” तोंड पुसत क्रांती म्हणाली, आणि सगळ्या बायका खदाखदा हसल्या. उत्तर कधी उधार ठेवायचं नाही, असं तिचं अलीकडं ठरलेलं होतं.

अंबूबाईनं पदराच्या ओट्यातला गुळाचा खडा लेकीच्या तोंडात कोंबला. “गप चघळ. आन् सावलीला बस.”

पण क्रांती बसली नाही. रानात पात धरायची रीत अशी, की सगळ्यांनी एका कडेला उभं राहायचं आणि एकेकीनं एकेक ओळ घेऊन आडवी झाडं उलटी करत पुढं सरकायचं, म्हणजे खालची बाजू वर येऊन उन्हाला लागते. अंबूबाई, तिच्या शेजारी क्रांती, मग एक ओळ रिकामी, आणि मग बाकीच्या. ती रिकामी ओळ दगडाबाईची. दगडाबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी बायकांचे पाय आपोआप तेवढी जागा सोडून उभे राहायचे. पार टोकाला पोचल्यावर कुणाच्या तरी ध्यानात यायचं, ‘अगं बया, ही राह्यलीच की!’ मग कुणीतरी माघारी जाऊन ती ओळ उलटायची. त्यावर कुणी हसत नसे.

दगडाबाई त्यांची शेजारीण. अख्ख्या आळीची मिश्री तीच भाजायची; पहाटे तिचा तवा तापला की आळीत शिंकाच शिंका. मग तिचा गाल सुजला, फुटला. शेवटी शेवटी ती फडकं बांधून बसायची आणि त्या वासानं कुणी तिच्या दारात थांबत नव्हतं.

“दगडाकाकी कशानं गेली गं आई?” क्रांतीनं वाकल्या वाकल्याच विचारलं.

“दाताच्या दुखण्यानं.”

“दाताच्या दुखण्यानं कोण मरतंय व्हय?”

“ती मेली की.” अंबूबाईनं झाड उलटलं आणि पुढं सरकली. थोड्या वेळानं म्हणाली, “परवा पहाटं मला तिच्या घरातनं वास आला. मिश्री भाजल्याचा.”

“घराला तर कुलूप हाय.”

“व्हय. कुलूपच हाय.”



संध्याकाळी घरी आल्या तर दारात पांढरी गाडी उभी. सुमंत साहेब! कंपनीचे सुमंत साहेब, सांगलीचे. कंपनी मिश्रीची होती, पण तालुक्याची वक्तृत्व स्पर्धाही तीच भरवायची. ढाली, बॅनर, पोरांना वडापाव, सगळं तिचंच. त्या स्पर्धेत क्रांतीचा पहिला नंबर आला होता आणि परीक्षक म्हणून बसलेले सुमंत साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, “मुली, तुझ्या आवाजात माणूस जागचा हलवायची ताकद आहे. हे तुला कुणी सांगितलं होतं का कधी?”

कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून क्रांती हनुवटी वर करून चालायला लागली होती. आरशासमोर उभं राहून ‘उपस्थित मान्यवर’ म्हणायची आणि स्वतःच्याच आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा. खोटं कशाला सांगा, फार मजा वाटायची तिला!

“सुनावणी आहे,” सुमंत साहेब खाटेवर बसून सांगत होते. खाली क्रांतीचा बाप नाथाजी, शेजारी आळीतले म्हातारे नानासो. “नियम करायच्या आधी सरकारची समिती लोकांचं ऐकायला येतेय. तुम्ही बोललात तर ते लिहून घेतील. कंपनीनं बोलून काय उपयोग? कंपनी म्हटलं की लोकांना वाटतं, हे नफ्यासाठीच बोलणार. शेतकरी बोलला पाहिजे. शेतकऱ्याची मुलगी बोलली पाहिजे.”

“आमास्नी काय बोलाया येतंय, साहेब?” नानासो म्हणाले.

“तुम्ही अध्यक्ष आहात, नानासो. तुम्हाला दोन शब्द बोलावेच लागतील.”

“कशाचा अध्यक्ष?”

सुमंत साहेबांनी गाडीतून बॅनर आणून उलगडलं. ‘मिश्री-तंबाखू उत्पादक शेतकरी बचाव संघ’. खाली नानासोंचा फोटो, गळ्यात हार, खाली ‘अध्यक्ष’. नानासोंनी फोटोकडं पाहिलं, मग स्वतःच्या टोपीला हात लावून पाहिला.

“ह्यो तर माझ्या पुतण्याच्या लग्नातला फोटो हाय,” ते पुटपुटले. “आन् मी अध्यक्ष कवा झालो?”

“गावानं केलं तुम्हाला.”

“आसंल मग,” म्हणून नानासो उठले, पण जाताना बॅनरकडं दोनदा वळून बघून गेले.

क्रांतीचं भाषण साहेबांनी छापूनच आणलं होतं. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, टाळी कुठं घ्यायची, ते सगळं ते तिला अंगणात उभं करून शिकवायचे. आठवडाभर रोज यायचे. असं मन लावून तिला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं. एक वाक्य तर इतकं झकास होतं, की ते म्हणताना क्रांतीला आपण कुणीतरी मोठ्या झाल्यासारखं वाटायचं: ‘ज्या मिश्रीनं माझ्या आईची, आजीची, पणजीची सकाळ झाली, तिच्यावर तुम्ही मरणाचं चित्र चिकटवणार आहात का?’

आणि त्याच्या पुढचं वाक्य होतं, ‘आमच्या गावात मिश्रीनं एकही बाई गेलेली नाही.’

“दगडाकाकी, साहेब…” क्रांती पहिल्या दिवशी अडखळली होती.

“डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय कुठं?”

“डॉक्टरकडं नेलंच नव्हतं. दातदुखी म्हणत्यात सगळी.”

“मग? जे सगळे म्हणतात तेच आपण म्हणतोय.” साहेब हसले. “थांबायचं नाही त्या वाक्यावर. एका श्वासात जायचं.”

सुनावणी दोन दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. सकाळी अंबूबाई मोरीपाशी बसून मिश्री लावत होती. क्रांती दात घासायला गेली आणि तिनं पाहिलं, आईनं चूळ थुंकली ती काळी नव्हती. काळ्यात तांबडं होतं. बरंच तांबडं. अंबूबाईनं घाईघाईनं तांब्या ओतला.

“काय गं हे?”

“काय न्हाई. भाकरीच्या कडेनं हिरडी कापली.”

मग एकेक गोष्ट क्रांतीला दिसायला लागली. अशा गोष्टी एकदा दिसल्या की थांबत नाहीत. आई भाकरी दुधात बुडवून खात होती. जिच्या हातचा खर्डा खाऊन पाव्हणे तिखटानं टाचा घासायचे, ती आता खर्ड्याला शिवतसुद्धा नव्हती. आणि घास नेहमी उजवीकडंच. डाव्या गालाला हात जायचा, मग आपण हात लावतोय हे कळून तो हात खाली यायचा.

“आई, दाव बघू तोंड.”

“गप. शाळंला जा.”

“दाव म्हणते ना!”

अंबूबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि बोटानं गाल बाजूला ओढला. आत पांढरट कड असलेला खड्डा होता. हरभऱ्याचा दाणा बसेल एवढा. त्याच्या भोवतीची कातडी चामड्यासारखी.

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं आसंल.” अंबूबाईनं पदर तोंडावर ओढला. “आन् बोंबलू नगंस. तुझं भाषण होऊ दे, माल जाऊ दे. मग जाऊ मिरजंला, दवाखान्यात. तुझ्या बापाला आत्ता सांगितलंस तर त्यो रानात पाय ठिवायचा न्हाई आन् ते सगळं कुजंल.”

क्रांती उभी राहिली. मनात आलं, आत्ताच ओरडावं, आत्ताच बापाला हाक मारावी. आणि त्याच मनात हेही आलं, की मग भाषण होणार नाही. हा विचार तिनं ढकलून बाजूला केला, पण तो आला होता. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, ती स्वतःला म्हणाली, आणि आंघोळीला गेली.

सुनावणीला तालुक्याच्या मंगल कार्यालयात तीन ट्रॅक्टर भरून माणसं आणली होती. पुरुषांना टोप्या, बायकांना पिवळ्या रिबिनी. टेबलापाठीमागं समिती बसलेली; मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, सारखा चष्मा काढून डोळे चोळणाऱ्या. नानासो अध्यक्ष म्हणून उठले, ‘मी नानासो’ म्हणाले आणि बसले. त्यांना त्याच्यावरच जोरात टाळी पडली.

मग क्रांती.

माईकसमोर उभी राहिली आणि तिच्या आतलं काहीतरी एकदम उजळलं. आवाज कार्यालयाच्या पत्र्याला लागून परत येत होता. माणसं श्वास धरून ऐकत होती. मरणाच्या चित्रावर ती थांबली तेव्हा टाळ्या अशा कडाडल्या, की समितीतल्या एकानं दचकून वर पाहिलं. पुढचं वाक्य आलं. ‘आमच्या गावात मिश्रीनं एकही बाई गेलेली नाही.’ ते म्हणता म्हणता तिची नजर बायकांच्या ओळीकडं गेली. कुरणवाडीच्या बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि आईच्या पलीकडची एक खुर्ची मोकळी होती. कार्यालयात माणसं भिंतीला टेकून उभी होती, तरी त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

ती एका श्वासात पुढं गेली.

शेवटचं साहेबांनी ऐनवेळी वाढवलेलं होतं. “आणि पुरावाच हवा असेल, तर ही बघा माझी आई! नऊ वर्षांची असल्यापासून मिश्री लावते. आई, ऊठ. दाखव तुझे दात!”

अंबूबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. पुढचे दात, पांढरेशुभ्र, एक पडलेला नाही. डावा गाल तिनं आतून आवळून धरला होता, हे त्या सबंध कार्यालयात एकट्या क्रांतीला दिसत होतं. लोकांनी फोन वर धरले. शिट्ट्या वाजल्या.

मधल्या बाई पुढं वाकल्या. “आई, तुम्हाला काही त्रास होतो का हो? तुम्ही स्वतः सांगा.”

अंबूबाईनं तोंड उघडलं. “मला…”

“माझी आई लाजते, मॅडम!” क्रांतीचा आवाज माईकमधून घुमला. “कधी चार माणसांत बोललेली नाही. तिच्या वतीनं मीच सांगते. तिला काहीही त्रास नाही.”

अंबूबाईनं तोंड मिटलं. मग खाली बसली.

पुढचं सगळं झपाझप झालं. समिती गेली, आणि थोड्या दिवसांतच टीव्हीवर बातमी आली: नियम पुढं ढकलला. आणखी अभ्यास होईपर्यंत. मंत्रीसाहेब कॅमेऱ्यासमोर म्हणाले, “ज्या मिश्रीनं आमच्या माताभगिनींच्या पिढ्यान्‌पिढ्यांची सकाळ झाली, तिच्यावर मरणाचं चित्र चिकटवणं हे आपल्या संस्कृतीला धरून नाही.” नाथाजीच्या हातातला घास थांबला.

“आगं, हे तर तुझं वाक्य!”

“माझं न्हाई, साहेबांचं,” क्रांती म्हणाली.

“मग मंत्र्यानं साहेबांचं घेतलं का साहेबांनी मंत्र्याचं?”

क्रांतीनं उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

व्यापारी परत आले. माल उचलला. गावानं क्रांतीच्या कपाळाला गुलाल लावला आणि कंपनीनं आईच्या हसण्याची चित्रफीत सगळीकडं सोडली. ज्याच्या त्याच्या फोनवर अंबूबाई उठायची, पदर सारखा करायची, हसायची. शेवटी तोंड उघडायला लागायची आणि तिथंच चित्रफीत कापलेली होती. मग पुन्हा पहिल्यापासून. एसटीत, शाळेच्या फाटकाशी, किराणा दुकानात; क्रांती कुठंही गेली की मागून तिचाच आवाज यायचा, ‘आई, ऊठ.’ पहिल्यांदा ती वळून हसायची. मग तिनं वळायचं सोडलं.

मिरजेला जायला चैत्र उजाडला. कारण माल गेला, मग परीक्षा आली, मग नाथाजीला रानाची मशागत. अंबूबाई स्वतःच ‘उद्या’ म्हणत राहिली. ज्या दिवशी गालातून पाणी बाहेर झिरपलं, त्या दिवशी नाथाजीनं तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागं क्रांती, आणि तसेच निघाले.

तरुण डॉक्टरिणीनं बॅटरी मारून तोंडात बघितलं. मग म्हणाली, “हाडात गेलंय. खालचा जबडा डावीकडनं काढावा लागेल.” तिनं अंबूबाईच्या चेहऱ्याकडं पुन्हा पाहिलं. “मी तुम्हाला कुठंतरी पाहिलंय का हो?”

बाहेर व्हरांड्यात कुठल्यातरी पेशंटचा नातेवाईक बाकड्यावर आडवा होऊन फोन बघत होता. ‘आई, ऊठ,’ फोनमधून क्रांती म्हणाली. ‘दाखव तुझे दात!’

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी अंबूबाई कॉटवर बसून लेकीकडून केस विंचरून घेत होती. “तवा मी सांगणार हुते,” ती सहज म्हणाली.

“कवा?”

“त्या बाईनं इचारलं तवा. तिचा चेहरा बरा वाटला मला. म्हटलं, सांगावं हिला, की बाई, मला दुखतंय लय.” कंगवा थांबलेला बघून ती पुढं म्हणाली, “इंचर की.”

क्रांतीनं विंचरलं. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

त्यानंतर अंबूबाईचं बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता. शब्दांना कडा नव्हत्या. नुसते स्वर निघायचे, ओठ डावीकडं मिटत नव्हते, लाळ गळायची म्हणून ती फडकं बांधायची. नाथाजीला काही कळायचं नाही आणि कळत नाही म्हणून तो चिडायचा, मग परड्यात जाऊन उभा राहायचा. क्रांतीला मात्र सगळं कळायला लागलं. पेज, मीठ, दार लाव, कोंबड्या झाक. आळीतल्या बायका विचारायला आल्या की क्रांती शेजारी बसून सांगायची, ‘आई म्हणतीया, बरं हाय.’ कधी अंबूबाई तसं म्हणालेली असायची, कधी नसायची. बायका दारातूनच विचारायच्या. उंबऱ्याच्या आत कुणी येत नव्हतं. क्रांती बारावीला गेली. वक्तृत्वाला नाव दिलं नाही. सर म्हणाले, ‘घसा बसलाय का गं तुझा?’ ती ‘व्हय’ म्हणाली.

पहाटे कधीतरी तिला जाग यायची आणि कुलूप घातलेल्या त्या शेजारच्या घरातून मिश्री भाजल्याचा वास यायचा. आता तिलाही येत होता.

पुढची तंबाखू कापायला आली आणि पांढरी गाडी पुन्हा दारात उभी राहिली.

सुमंत साहेब हसत उतरले. अंगणात आले आणि थबकले. अंबूबाई उंबऱ्याला टेकून बसली होती, तोंडावर फडकं, पुढ्यात पेजेची वाटी. साहेबांनी नजर चटकन नाथाजीकडं वळवली.

“कळलं होतं मला, बरं नसतं म्हणून. वाईट वाटलं हो.” ते खरंच ओशाळले होते; आवाज पडला होता त्यांचा. खाटेच्या कडेवर बसले. “नियम परत वर आलाय. मुंबईला सुनावणी आहे, शेवटची. ही झाली की प्रश्न मिटला. क्रांतीला न्यायला आलोय. राहायची सोय चांगली आहे. आणि पुण्याच्या कॉलेजचं, हॉस्टेलचं, सगळं कंपनी बघेल. हिचा आवाज वाया जाऊ द्यायचा नाही, नाथाजीराव.”

“तिला इचारा,” नाथाजी म्हणाला. “मला काय इचारू नगा.”

“आईचा विषय आपण काढायचाच नाही, क्रांती. फक्त परंपरा. फक्त शेतकरी. चालेल ना?”

क्रांतीनं तोंड उघडलं, पण त्याआधी उंबऱ्यातून आवाज आला. लांबलचक, ओला, वर-खाली होणारा. सुमंत साहेब नकळत मागं सरकले.

“काय… काय म्हणतात आई?”

क्रांतीला स्पष्ट कळलं होतं.

“आई म्हणतीया, नको,” ती म्हणाली. “पोरीला पाठवायचं न्हाई म्हणतीया.”

थाडकन अंबूबाईनं जमिनीवर हात आपटला. वाटी कलंडली. तेच पुन्हा, आता मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून. शेजारपाजारची दारं उघडली. पोरं कुंपणाशी गोळा झाली. नानासो काठी टेकत आले.

“खरं सांग की गं,” नाथाजी म्हणाला. “ती आसं म्हणत न्हाई. एवढं मलाबी कळतंय.”

क्रांती आईकडं बघत राहिली. आईचे डोळे तिच्यावर खिळलेले, कोरडे.

“आई म्हणतीया…” तिनं कलंडलेली वाटी सरळ केली. “आई म्हणतीया, क्रांती नको. मी येते. मलाच उभं करा.”



“अहो, नाही नाही,” सुमंत साहेब उठले. “एवढा प्रवास, त्यांची तब्येत… पुढच्या वेळी बघू. मी परत येईन, काही घाई नाही.” ते किल्ली शोधत खिसे चाचपायला लागले.

अंबूबाई उठली. तिनं डोक्यामागची गाठ सोडून फडकं काढलं, नीट घडी घातली आणि लेकीच्या हातात दिलं. कुंपणाजवळचं एक पोरगं आपल्या आईच्या मागं दडलं. आळीनं तिला अशी उघडी पहिल्यांदाच बघितली: डावीकडं खाली चेहरा एकाएकी संपलेला, ओढलेली कातडी, आणि वरचे पांढरेशुभ्र दात. ती अंगण ओलांडून गेली, गाडीचं पुढचं दार उघडलं, पदर सावरला आणि सीटवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं.

“नाथाजीराव, सांगा ना त्यांना,” सुमंत साहेबांचा आवाज चिरकला.

“माझं तिनं कवा ऐकलंय?” नाथाजी म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. “आवं, बसली की ती. आता न्यावंच लागंल.”

“नानासो, तुम्ही अध्यक्ष आहात…”

“व्हय व्हय,” नानासो म्हणाले. “मग अध्यक्ष म्हून सांगतो. हिला न्या.”

क्रांती गाडीकडं धावली. काचेपाशी वाकून काहीतरी बोलणार, आईला समजावणार की साहेबांना, तिचं तिलाही माहीत नव्हतं. अंबूबाईनं आतून तळहात वर केला. थांब.

मग काच खाली करून तिनं सुमंत साहेबांकडं पाहिलं. रस्त्याकडं बोट केलं.

“च…आ.”

चला. शब्द अर्धाच आला, तोही गळून ओला झालेला. पण कुंपणावरच्या पोरांनासुद्धा तो कळला. सुमंत साहेब हातात किल्ली धरून तसेच उभे राहिले आणि क्रांतीकडं बघायला लागले, ती काय सांगते म्हणून.

क्रांती काहीच बोलली नाही.